भिशीच्या पैशातून मशीन: कुठे जास्त द्यायचे, कुठे हात आखडायचा

प्रश्न: काका, मी भांडुपला राहतो, वय 29. मॉड्युलर किचन लावणाऱ्या एका कंपनीत सहा वर्षं फिटर होतो, दिवाळीनंतर सोडलं आणि आता स्वतःची कामं घेतो. टीव्ही लावणं, पडद्याचे रॉड, किचनच्या ट्रॉल्या, वॉर्डरोब, गीझर, जे येईल ते. कामं जास्त करून मुलुंड, ठाणे, घाटकोपरच्या नव्या टॉवरमधली. कंपनीत मशीन कंपनीचं होतं, आता माझ्याकडे एकच जुनं इम्पॅक्ट ड्रिल आहे आणि ते या टॉवरच्या भिंतीत आत जातच नाही. बायकोला भिशी लागली, त्यातले 40 हजार तिने मला मशीनसाठी दिलेत. नागदेवी स्ट्रीटला चौकशी केली तर 26 एमएमचा लोकल रोटरी हॅमर 3,200 आणि चांगल्या कंपनीचा 9,800 सांगितला. मेहुणा सुतार आहे, तो म्हणतो सगळं एकाच फॅक्टरीतून येतं, पैसे स्टिकरचे असतात, स्वस्तातलं घे आणि बिघडलं की फेकून दे. ऑनलाइन तर 48 व्होल्टचा कॉर्डलेस ड्रिल दोन बॅटऱ्यांसकट अडीच हजारात दिसतोय. मला दिवसाला सरासरी 1,800 सुटतात. पैसे बायकोचे आहेत म्हणून मन धजत नाही. महागाचं खरंच वसूल होतं का?

— भांडुपचा एक वाचक

उत्तर:

अरे, आधी तुझ्या जुन्या ड्रिलबद्दल बोलू कारण बाकीचं सगळं त्यातूनच निघतं. ते ड्रिल बहुतेक बिघडलेलं नाहीये, भिंत बदललीये. जुन्या चाळीत, सोसायटीत विटांची भिंत असते, तिथे इम्पॅक्ट ड्रिल मस्त चालतं. सिपोरेक्सच्या, म्हणजे हलक्या पोकळसर सिमेंट ब्लॉकच्या, पार्टिशनला तर साधं ड्रिल पण पुरतं. पण आता हे जे नवे टॉवर आहेत ना, त्यातले खूपसे मायवान शटरिंगवर उभे राहतात, म्हणजे अॅल्युमिनियमचे साचे लावून भिंत आणि स्लॅब एकदमच काँक्रीटचे ओततात, वीट नावालाही नाही, तुला बेडरूममध्ये पडद्याचा रॉड लावायचा असला तरी तू RCC फोडतोयस. इम्पॅक्ट ड्रिलमध्ये दोन दातेरी चकत्या एकमेकींवर घासतात आणि त्यातून मिनिटाला चाळीस-पन्नास हजार ठोके निघतात, पण प्रत्येक ठोका अगदी बारीक, आणि तो पण तू मागून अंगाचा भार टाकशील तेवढाच. रोटरी हॅमरमध्ये आत पिस्टन असतो, तो हवा दाबतो आणि ती दाबलेली हवा स्ट्रायकरला पुढे फेकते. ठोके मिनिटाला चार-पाच हजारच, पण एकेक ठोका दमदार आणि तुला दाबायची गरज नाही, नुसतं धरायचं. तू स्टुलावर उभा राहून डोक्याच्या वर भोक पाडतोस तेव्हा हा फरक खांद्याला कळतो.

म्हणून रोटरी हॅमर हे तुझं पोटापाण्याचं मशीन. यात अजिबात वाचवू नकोस, 9,800 चा घे.

का, ते सांगतो. मी परळला बरीच वर्षं मशीन रिपेअरिंगचं दुकान चालवलं, त्यामुळे स्वस्त आणि महाग दोन्ही आतून उघडून पाहिलीयेत आणि फरक स्टिकरचा नाही हे मला डोळ्यांनी दिसलंय. महाग मशीनमध्ये आर्मेचर, म्हणजे मोटरचा आतला फिरणारा भाग, नीट वार्निश केलेलं असतं, वाइंडिंग तांब्याचं असतं, बेअरिंग बॉलचं असतं, गिअर नीट हार्डनिंग केलेले असतात आणि ग्रीस जिथे राहायला पाहिजे तिथे राहावं म्हणून सील धड असतात. स्वस्तातल्यात यातलं काहीतरी एक हमखास कापलेलं असतं आणि नेमकं कोणतं कापलंय ते बाहेरून बघून कुणालाच सांगता येत नाही, दुकानदारालाही नाही. कुठे वाइंडिंग अॅल्युमिनियमचं, कुठे बेअरिंगच्या जागी नुसता बुश. एखादं नग चांगलं निघतं, दोन वर्षं चालतं, मग तोच माणूस सगळ्यांना सांगत फिरतो की लोकलच घ्या. त्याच डब्यातलं दुसरं मशीन पंधरा दिवसात जळून दुकानात आलेलं असतं.

पण मला विचारशील तर जास्तीचे पैसे मुख्य दोन गोष्टींसाठी द्यायचे. एक म्हणजे सेफ्टी क्लच. काँक्रीटमध्ये सळई लागली की बिट अडकतं आणि मोटर फिरतच राहते, मग फिरायला उरतं काय तर मशीनची बॉडी आणि तुझं मनगट. चांगल्या हॅमरमध्ये क्लच अशा वेळी कटकट आवाज करून घसरतो आणि हात वाचतो. स्वस्तातल्यात क्लच लिहिलेला असतो, कधी असतो, कधी इतका घट्ट असतो की असून नसल्यासारखा. माझ्याकडे मशीन दुरुस्तीला घेऊन आलेल्या पोरांच्या मनगटाला प्लास्टर मी पाहिलंय. तू शिडीवर असशील, एका हातात मशीन, खाली गिऱ्हाइकाची फरशी. मनगट गेलं तर दीड-दोन महिने घरी बसशील आणि मग तेव्हा 6,600 वाचवलेले कुठे पुरणार.

दुसरी गोष्ट स्पेअर. मशीन महाग असो की स्वस्त, बिघडणार आहेच, कार्बन, म्हणजे फिरत्या मोटरला वीज पोचवणारे ब्रश, झिजणार, स्विच जाणार, वायर गळ्याजवळ तुटणार. प्रश्न हा आहे की बिघडल्यावर तू कामावर परत कधी जाणार. नावाजलेल्या कंपनीचे कार्बन लोहार चाळ-नागदेवी भागात कुठेही मिळतात, आर्मेचर आणि फील्ड, म्हणजे त्याभोवतीची न फिरणारी कॉइल, मागवून मिळतं, मॉडेल नंबर सांगितला की समोरचा माणूस बरोबर पार्ट काढतो. लोकल मशीनचा आज एक नमुना असतो, सहा महिन्यांनी त्याच नावाखाली दुसराच येतो, आतला गिअर वेगळा, मग कार्बनसारख्या शंभर रुपयांच्या आतल्या पार्टसाठी अख्खं मशीन भंगारात. मेहुण्याचं ते फेकून दे म्हणणं ऐकायला सोपं वाटतं, पण मशीन काही रविवारी घरी असताना बंद पडत नाही, घाटकोपरला तेविसाव्या मजल्यावर अर्धा टीव्ही ब्रॅकेट लावून झाल्यावर बंद पडतं आणि सोसायटीने ड्रिलिंगची वेळ दिलेली असते ठरावीक, दुपारी बंद, रविवारी बंद. तो दिवस गेला, गिऱ्हाईक नाराज, त्याने पुढच्या फ्लॅटवाल्याला तुझा नंबर द्यायचा तो दिला नाही. तूच लिहिलंस दिवसाला 1,800 सुटतात. दोन्ही मशीनमधला फरक 6,600, म्हणजे तुझी चार दिवसांची पण कमाई नाही. वर्षभरात महाग मशीनने तुझे चार खाडे वाचवले की फिटलं. रोज वापरायच्या मशीनमध्ये ते वाचवतंच.

आता मेहुण्याची बाजू पण नीट बघू, कारण तो अर्धा बरोबर आहे. कंपन्यांची मालकी खरंच एकमेकांत गुंतलेली आहे. डिवॉल्ट, ब्लॅक अँड डेकर आणि स्टॅन्ली ही तिन्ही नावं एकाच ग्रुपची, 2010 साली स्टॅन्ली आणि ब्लॅक अँड डेकर एक झाल्या. मिलवॉकी ही हाँगकाँगच्या टीटीआयची, आणि रायोबी नावाने जगभर विकली जाणारी मशीन पण टीटीआयचीच. बॉशचंच बघ, निळं मशीन रोज काम करणाऱ्यासाठी आणि हिरवं घरगुती वापरासाठी, कंपनी एक आणि आतला माल वेगळा. तर मालक एक असला तरी कुठल्या किमतीला काय घालायचं हे प्रत्येक मॉडेलचं वेगळं ठरलेलं असतं. म्हणून नुसतं ब्रँडचं नाव बघून पण जाऊ नकोस, मोठ्या नावाचं घरगुती मॉडेल घेऊन ते साइटवर दिवसभर चालवलंस तरी जळणारच. दुकानात मॉडेल नंबर विचार आणि ते प्रोफेशनल रेंजमधलं आहे का ते बघ.

आणि वॉटवर भुलू नकोस. डब्यावर 1200 वॉट, 1500 वॉट मोठ्या अक्षरात लिहितात, पण वॉट म्हणजे मशीन वीज किती ओढतं तो आकडा, भिंतीत किती जोर पोचतो तो नाही. हॅमरला जूल बघायचं, म्हणजे एका ठोक्याची ताकद. तुझ्या कामाला दोन किलो क्लासचा (हे क्लासचं नाव, खरं वजन थोडं जास्तच असतं), SDS-प्लस बिटवाला, म्हणजे मागे खाचांचा दांडा असलेलं बिट घेणारा, अडीच-पावणेतीन जूलचा हॅमर भरपूर आहे. बॉशच्या GBH 2-26 DRE वर 800 वॉट आणि 2.7 जूल लिहिलेलं असतं, तेवढ्या मापाचं मकिता, डिवॉल्ट, हिकोकी कुणाचंही चालेल, हिकोकी म्हणजे आपली जुनी हिताची, 2018 ला नाव बदललं. यातल्या कुठल्या कंपनीचं ऑथोराइज्ड सर्व्हिस सेंटर तुला भांडुप-ठाण्याकडून जवळ पडतं ते बघूनच ठरव, मला तरी हे कंपनीच्या नावापेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं. पैसे द्यायच्या आधी दुकानदाराला सरळ विचार, याचं आर्मेचर केवढ्याला आणि किती दिवसात मिळेल. ज्याला पटकन उत्तर देता येत नाही त्याच्याकडून घेऊ नकोस.

यापेक्षा वर जाऊ नकोस पण. हिल्टी वगैरे उत्तम मशीन आहेत, मी त्यांचं काम पाहिलंय, पण ती अशा लोकांसाठी जे फायर लाइनचे, डक्टचे अँकर रोज शेकड्याने मारतात. तू दिवसाला वीस-तीस भोकं पाडणार. तिथे मिळणारं जास्तीचं आयुष्य तुझ्या वापराला येईपर्यंत खूप वर्षं जातील आणि तो पैसा तोवर अडकून पडेल. जर्मनीची ती देखणी सुतारकामाची मशीन आहेत, फेस्टूलसारखी, ती पण आत्ता डोक्यातून काढ.

आता ती 48 व्होल्टची बॅटरी. घेऊ नकोस. कुठल्याही अशा मशीनचा चार्जर हातात घेऊन त्यावरचं आउटपुट वाच, बहुतेक वेळा 21 व्होल्ट लिहिलेलं सापडेल, आणि 21 व्होल्टचा चार्जर 48 व्होल्टची बॅटरी भरूच शकत नाही. आत पाच लिथियम सेल असतात, एकेक सेल 3.6 व्होल्टचा, म्हणजे 18, आणि फुल चार्ज झाल्यावर 20-21 च्या आसपास. कंपन्यांचं 18 व्होल्ट आणि 20 व्होल्ट मॅक्स हे पण एकच, कुणी नेहमीचा आकडा छापतं कुणी फुल चार्जचा. 48, 88, 128 हे आकडे नुसते डब्यावर लिहायचे. स्वस्त पॅकमध्ये सेल कमअस्सल असतात, संरक्षणाचं सर्किट नीट नसतं, एक सेल लवकर बसतो आणि मग अख्खी बॅटरी मेली. आणि लिथियमची खराब बॅटरी रात्रभर चार्जिंगला लावून घरात झोपणं, तेही भांडुपच्या छोट्या खोलीत बायको-मुलं असताना, हे मला अजिबात पटत नाही.

कॉर्डलेस मात्र तुला लागणारच, बिजागऱ्या, चॅनल, हँडल, दिवसभर स्क्रूच स्क्रू. चांगल्या कंपनीचा घे. 12 व्होल्टचा छोटा ड्रिल-ड्रायव्हर तुझ्या किचनच्या कामाला पुरतो, कॅबिनेटच्या आत हात घालून चालवायला तोच बरा आणि हलका पण. पण पुढे कॉर्डलेस ग्राइंडर, जिगसॉ वगैरे घ्यायचा विचार असेल तर आत्ताच 18 च्या लाइनमध्ये शिर, कारण एका कंपनीची बॅटरी दुसरीच्या मशीनला लागत नाही आणि पहिली बॅटरी घेतलीस की पुढची सगळी मशीन त्याच रंगाची घेणार आहेस. म्हणून हा निर्णय घाईने नको. दोन बॅटऱ्या आणि चार्जरचा किट घे, नुसतं मशीन स्वस्त दिसतं पण बॅटरीच महाग असते. ब्रशलेस मोटर मिळत असेल तर थोडे जास्त दे, त्यात कार्बन झिजायची भानगड नाही आणि त्याच बॅटरीवर जास्त वेळ चालतं.

चार इंची ग्राइंडरच्या बाबतीत मी मधला रस्ता सांगेन, सगळ्यात महाग नको पण सगळ्यात स्वस्त तर बिलकुल नको. त्याची चकती मिनिटाला अकरा हजार फेरे घेते, म्हणजे चकतीच्या कडेचा वेग ताशी 200 किलोमीटरच्या वर जातो, आणि ती फुटली तर तुकडे तुझ्या तोंडाच्या उंचीवरच असतात. स्विच सोडल्यावर पटकन बंद होणारा, गार्ड पक्का बसणारा घे आणि तो गार्ड काढून ठेवू नकोस, मुंबईत दहातले नऊ ग्राइंडर मला बिनगार्डचे दिसतात आणि प्रत्येक वेळी पोटात गोळा येतो. लाकूड कापायचं दात्यांचं ब्लेड ग्राइंडरला लावायचं नाही, कितीही घाई असली तरी. कटिंगच्या चकतीवर एक्स्पायरीची तारीख असते हे खूप जणांना माहीतच नसतं, आतलं रेझिन जुनं होतं, आपल्या पावसाळ्यात ओल लागून लवकरच, ती तारीख बघून घेत जा.

बाकी जिगसॉ, ट्रिमर, मार्बल कटर यातलं जे महिन्यातून एकदा लागतं ते आत्ता घेऊच नकोस. मेहुण्याकडे असेलच, त्याच्याकडून आण. तोडफोडीचं मोठं ब्रेकर भाड्याने मिळतं. कधीतरीच लागणारं मशीन घ्यायची वेळ आली तर तिथे मात्र स्वस्तातलं घ्यायला माझी काही हरकत नाही, वर्षातून दहा वेळा चालणाऱ्या मशीनला प्रोफेशनल बेअरिंग कशाला. चोर बाजारात पण लोक जातात, जुनी दणकट मशीन मिळतात हे खरंय, मुलुंडच्या रॅलीवुल्फची जुनी ड्रिल माझ्याकडे दुरुस्तीला यायची तेव्हा मी ती आनंदाने उघडायचो इतकं ते काम चोख होतं, पण आजच्या घडीला तिथलं बिनबिलाचं, नंबर घासलेलं मशीन चोरीचं असू शकतं आणि ते तुझ्या बॅगेत सापडलं तर निस्तरायला तूच.

एका गोष्टीवर लोक खर्च करत नाहीत आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. बिट. दहा हजाराचा हॅमर घेतात आणि तीस रुपयाचं बिट लावतात, मग टीप जळते, भोक वाकडं होतं, मशीन गरम होतं आणि नाव मशीनचं खराब. 6, 8 आणि 10 एमएमचे चांगल्या कंपनीचे SDS-प्लस बिट दोन-दोन घे, मागच्या दांड्याला दर वेळी थोडं ग्रीस लाव. चष्मा घे, आणि मास्क घे, निदान N95, कारण काँक्रीटच्या धुळीत सिलिका असते आणि ती फुप्फुसात बसली की निघत नाही. वर भोक पाडताना सगळी धूळ थेट तुझ्याच तोंडावर येते, तू 29 चा आहेस, अजून तीस वर्षं हे काम करायचंय. एक्स्टेन्शनची वायर निदान दीड स्क्वेअर एमएमची बघून घे, बारीक आणि लांब वायरवर व्होल्टेज पडतं, मशीन दमतं, आतला पंखा हळू फिरतो आणि मग चांगलं मशीन पण जळतं. माझ्याकडे आलेली कितीतरी जळकी आर्मेचर अशीच, मशीनचा काही दोष नव्हता.

वायर आणि पाइप शोधायचा डिटेक्टर पण घे, कन्सिल्ड वायरिंगच्या भिंतीत अंदाजाने ड्रिल घालू नकोस. आणि सीलिंगला, स्लॅबला भोक पाडायच्या आधी सोसायटीत विचार की स्लॅब पोस्ट-टेन्शनचा आहे का. असेल तर त्यात ताणलेल्या केबल असतात, इंजिनियरने जागा दाखवल्याशिवाय हात लावायचा नाही.

हिशेब असा. हॅमर 9,800. कॉर्डलेस किट साधारण दहा-बारा हजारांच्या आत बसव. ग्राइंडर अडीच-तीन हजार. बिट, चष्मा, मास्क, वायर, डिटेक्टर मिळून चार हजार धर. सत्तावीस-अठ्ठावीस हजारात तुझी बॅग तयार होते, आणि ती बॅग तू रोज भांडुपवरून स्लो लोकलमध्ये चढवणार आहेस हे पण लक्षात ठेव, हॅमरच पावणेतीन-तीन किलोचा असतो, म्हणून पण सगळंच एकदम घ्यायची हौस नको. उरलेले बारा हजार खर्च करू नकोस. बायकोला परत दे किंवा दोघांच्या नावावर बाजूला ठेव, पहिल्या पावसाळ्यात काम मंदावतं तेव्हा लागतील, आणि तिला हे सगळं आधी बसून सांग, कुठलं मशीन कशासाठी घेतोय ते तिला कळलं पाहिजे, पैसे तिचे आहेत.

घ्यायला जाशील तेव्हा GST चं पक्कं बिल घे आणि त्यावर मशीनचा सिरियल नंबर लिहून घे, नंबर मशीनवरच्या प्लेटशी तिथेच उभा राहून जुळव. नावाजलेल्या कंपन्यांचे डुप्लिकेट बाजारात आहेत आणि ज्याचा भाव बाकी चार दुकानांपेक्षा फारच खाली असेल त्याच्याकडे थांबू नकोस. दुकानातच प्लग लावून पाच मिनिटं चालवून बघ, मागे कार्बनपाशी किती ठिणग्या दिसतात ते बघ, बारीक निळसर चालतील, मोठी लाल रिंग दिसली तर दुसरं नग मागव. घरी आलास की त्याच रात्री कंपनीच्या साइटवर वॉरंटी रजिस्टर कर, त्याला मुदत असते. बिलाचा फोटो काढून बायकोच्या फोनवर पण पाठव, कारण ती थर्मल कागदावरची बिलं वर्षभरात पुसून कोरी होतात आणि सर्व्हिस सेंटरवाला पहिलं तेच मागतो.